लागोस ते अक्रा, तीन तास

पश्चिम आफ्रिकेविषयी आमच्या घराला जेवढी माहिती होती, तेवढी खुद्द पश्चिम आफ्रिकेलाही नसावी. अप्पाकाका, म्हणजे माझ्या वडिलांचे धाकटे भाऊ, बडोद्याच्या गोरवा भागातल्या एका कारखान्यात पंप जोडणारे फोरमन होते. कुणाच्या तरी ओळखीतून त्यांना लागोसच्या एका कारखान्यात दोन वर्षांची नोकरी लागली, ते मुंबईहून विमानात बसले, आणि त्या दिवसापासून रावपुऱ्यातलं आमचं तीन खोल्यांचं घर हे त्या अख्ख्या खंडाचं बडोद्यातलं कार्यालय झालं. शेजारपाजारची माणसं शंका विचारायला येत. तिथे वाघ असतात का? दादा, म्हणजे माझे वडील, चहाचा घोट घेऊन सांगत, "लागोसात नसतात. आतल्या भागात असतात." आफ्रिकेत वाघ कुठल्याच भागात नसतात, हे मी चौदा वर्षांची असूनही सांगू शकले असते. पण आमच्याकडे प्रश्न विचारणाऱ्याला मान होता, उत्तर देणाऱ्याला मान होता, आणि उत्तर बरोबर आहे का हे बघणाऱ्याला 'आगाऊ' म्हणत. पुढे मी जन्मभर शाळेत भूगोल शिकवला, तो बहुधा या एका शब्दाचा सूड म्हणून.

घराखाली घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं. दुरुस्तीला आलेली भिंतीवरची घड्याळं आपापल्या मर्जीने ठोके देत, त्यामुळे आमच्याकडे चार वाजायला पावणेचारला सुरुवात व्हायची आणि ते सव्वाचारपर्यंत वाजत राहायचे. खालच्या रस्त्यावरच्या स्कूटर आणि रिक्षा त्यात भर घालत. वर स्वयंपाकघरात आई आणि काकू. आई कमी बोलायची, काकू तिच्या वाटचंही बोलून टाकायची. काका गेल्यापासून तिचं प्रत्येक वाक्य 'ह्यांचं पत्र आलंय' इथून सुरू होई. ते निळं पत्र दुपारच्या चहाला दादा मोठ्याने वाचत. 'आमच्या गाडीने बाजारात गेलो', 'आमच्या स्वयंपाक्याला वरण शिकवलं', 'आमच्या बंगल्यासमोर नारळाची झाडं आहेत'. गोरव्याला सायकलवरून जाणाऱ्या माणसाला सहा महिन्यांत गाडी, बंगला आणि स्वयंपाकी फुटले, यात कुणाला काही खटकलं नाही. काकू तर डोळे मिटून ऐकायची. शेवटी 'लीलो चेवडो पाठवा, गोडा मसाला संपला' असं आलं की सगळं घर बटाट्याचा तो ओलसर चिवडा करायला लागे, आणि तिकडे जाणारा कोणी सापडेपर्यंत तो चेवडा डब्यात पडून राही. त्यातला अर्धा मी खाल्लेला आहे. आता सांगायला हरकत नाही, चेवड्याच्या बाबतीतले सगळे साक्षीदार गेले.

अशात ताईला स्थळ सांगून आलं. ताई माझ्याहून सात वर्षांनी मोठी, बी.एस्सी. झालेली, आणि प्रश्न विचारल्यावर उत्तराची वाट पाहणारं आमच्या घरातलं एकमेव माणूस. मुलगा पश्चिम आफ्रिकेतल्याच अक्राच्या एका कापडगिरणीत रंगखात्यात होता. त्याचे आईवडील हरणीला, विमानतळाच्या जवळ राहत, त्यामुळे मुलगा परदेशी जाणं त्यांना ओघानेच आलं असावं. फोटो बरा होता. पत्रिका जमली. आमच्या ज्योतिषांकडे न जमलेली पत्रिका मी आजवर पाहिलेली नाही. अडचण एकच होती. मुलाला रजा एका महिन्याची. उत्तरायणाचे, म्हणजे संक्रांतीचे, पतंग उडून झाले की तो येणार, लग्न करणार आणि बायकोला घेऊनच परत जाणार. म्हणजे होकार आधी द्यायचा. मुलगा इथे आल्यावर दिसला असता, पण त्याचं तिथलं घर इथे बसून कसं दिसणार? आमच्याच गल्लीतली एक मुलगी वर्षापूर्वी अशीच परदेशी गेली होती आणि तिथे पोचल्यावर तिला कळलं, की नवऱ्याच्या घरात आधीच एक संसार चालू आहे. ती माहेरी परत आली ती गॅलरीतसुद्धा उभी राहत नसे. तिच्या घराखालून जाताना ताई मान वर करत नसे, हे मी पाहिलं होतं.

आमच्या घराण्यात याला एक उपाय होता. होकार देण्याआधी घरातल्या एका कर्त्या माणसाने मुलाच्या राहत्या घरी जायचं आणि तिथलं पाणी प्यायचं. तांब्या घासलेला आहे का, भांडं कोण आणून देतं, आतल्या खोलीत कुणाच्या बांगड्या वाजतात का, हे सगळं त्या एका भांड्याच्या वेळात बघून घ्यायचं. माझ्या आजोबांनी म्हणे असं पाणी पिऊन तीन मुली वाचवल्या होत्या. तेव्हा स्थळ निघालं की आमच्याकडे पहिला प्रश्न, पाणी कोण पिऊन येणार.

"कोण म्हणजे? हे आहेत की तिकडेच," काकू म्हणाली. "ह्यांना लिहा, जाऊन पिऊन येतील."

दादा ड्राफ्ट्समन होते, उगाच बोलणारे नव्हते. त्यांनी माझा शाळेचा नकाशासंग्रह पाटावर ठेवला, डिव्हायडरचं एक टोक लागोसवर ठेवलं, दुसरं अक्रावर, ते उचलून खालच्या मापपट्टीवर नेलं आणि वर पाहिलं. "चारशे किलोमीटर. एमां शुं, त्यात काय? बडोदा-मुंबईच झालं." आमच्या घरात पश्चिम आफ्रिकेविषयी निघालेला हा एकमेव बरोबर आकडा. तो निघताच सगळे निर्धास्त झाले, कारण बडोद्याच्या माणसाला मुंबई म्हणजे गाडीत बसावं, उतरावं, काम उरकावं आणि परत यावं. मधे दोन अख्खे देश पडतात, असं मी म्हटलं. दादा म्हणाले, "मधे सुरत नि वलसाड पडतात, तसंच."

पाच आठवड्यांनी काकांचं उत्तर आलं. दादांनी चष्मा पुसून ते वाचलं. 'आपल्या आज्ञेप्रमाणे गेल्या रविवारी विमानाने अक्राला जाऊन आलो. तीन तास लागले. बसून बसून कंटाळा आला. दोनदा जेवण दिलं, मी घेतलं नाही. खिडकीतून खाली पाहावं तर नुसतं वाळवंट. मुलगा सोन्यासारखा आहे. घर स्वच्छ. पाणी प्यायलो. होकार द्यावा.' काकूच्या डोळ्यांना धार लागली. नवरा तीन तास हवेत बसला आणि जेवलाही नाही, याचं तिला मुलाच्या सोन्यापेक्षा जास्त भरून आलं. दादा त्याच संध्याकाळी पेढे घेऊन हरणीला गेले. तिथे मुलाची आई म्हणाली, "आमच्या सुहासनं काही कळवलं नाही, पण तो कळवतो कुठे, पत्र म्हणजे त्याला संकट वाटतं." पेढे वाटले गेले, उत्तरायणानंतरचा मुहूर्त निघाला, आणि सगळं अगदी रीतीप्रमाणे झालं.

माझ्या डोक्यात मात्र ते तीन तास अडकले. बडोदा-मुंबई विमानाला तासही लागत नाही म्हणतात आणि तेवढ्याच अंतराला काकांना तीन? दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी युनिफॉर्मातच अलकापुरीतल्या एका ट्रॅव्हल एजंटच्या ऑफिसात गेले. काउंटरवरचे गृहस्थ मला घरी हाकलतील असं वाटलं होतं, पण दुपारची वेळ होती आणि त्यांना जांभया येत होत्या. त्यांनी विटेएवढं जाड वेळापत्रकाचं पुस्तक काढलं, बोटाला थुंकी लावून पानं उलटली आणि म्हणाले, "लागोस थी अक्रा... एक कलाक, बेन. चा ठंडी थाय ते पहेलां पहोंची जवाय." कलाक म्हणजे तास, हे बडोद्यातल्या मराठी माणसाला कुणी सांगावं लागत नाही. मी विचारलं, वाटेत वाळवंट लागतं का. ते म्हणाले, "दरियो लागे." म्हणजे समुद्र. विमान किनाऱ्याकिनाऱ्याने जातं.

आता हे सगळं फोनला विचारलं की तो बिचारा क्षणात सांगतो, अंतर सांगतो, तिकिटं दाखवतो, वर हॉटेल हवं का तेही विचारतो. परवा मी मुद्दाम विचारून पाहिलं. एक तास. इतक्या वर्षांत दोन्ही शहरं जागची हललेली नाहीत, याचं मला फार समाधान वाटलं.

घरी येऊन मी शोध जाहीर केला. माझी अपेक्षा होती की एकदम शांतता पसरेल. शांतता कसली पसरते. दादा म्हणाले, "विमान वळून जात असेल. डभोईची बस नाही का, सरळ रस्ता सोडून चार गावं घेत जाते." काकू म्हणाली, "ढग आले असतील." घड्याळवाले काका भाडं द्यायला वर आले होते, त्यांनाही राहवलं नाही. "देशोदेशीची घड्याळं वेगळी असतात, पोरी. त्यात दोन तास गेले असतील." मी नकाशासंग्रहातला वेळेचा तक्ता उघडला. अक्राचं घड्याळ लागोसच्या एक तास मागे. म्हणजे त्या हिशोबाने काका निघाले त्याच वेळेला पोचायला हवे होते. हे ऐकून घड्याळवाले खाली निघून गेले. मग मी वाळवंट काढलं. वाळवंट शेकडो कोस उत्तरेला आहे, खाली समुद्रकिनारा असतो. त्यावर माझी आई, जी वर्षातून चार वाक्यं बोलायची, ती म्हणाली, "किनाऱ्यावर वाळू असतेच की."

"मग काका गेलेच नाहीत," मी म्हटलं.

हे मात्र सगळ्यांना ऐकू आलं. काकूच्या हातातली पळी तशीच राहिली. दादांनी नकाशासंग्रह मिटला आणि कपाटावर, माझा हात पोचणार नाही असा ठेवला. "घरच्या माणसाच्या शब्दाला पट्टी लावायची नसते," ते म्हणाले. हेच दादा कारखान्यात अर्ध्या मिलिमीटरसाठी लोकांची ड्रॉइंगं फाडत. त्या दिवशी मी रडले. ताई कुठल्या घरात जाऊन पडणार याचं ते रडू नव्हतं. मी बरोबर असून कुणी ऐकत नाही, याचं होतं. हे लिहिताना अजून लाज वाटते.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझी वेणी घालताना ताईने विचारलं, "नक्की एकच तास?"

"पुस्तकात छापलंय."

तिने पेड घट्ट ओढला. मग म्हणाली, "म्हणजे माझ्यासाठी पाणी कुणीच प्यायलं नाही."

त्या दुपारी तिने कॉलेजच्या वहीतलं पान फाडलं आणि मुलाच्या माहितीपत्रावरचा पत्ता बघून स्वतः पत्र लिहिलं. लग्नाआधी मुलीने मुलाला पत्र लिहिणं आमच्याकडे वाघाइतकंच दुर्मीळ. पत्रात मायना, खुशाली आणि एकच प्रश्न होता. 'आमचे काका आपल्याकडे येऊन गेले, तेव्हा आपण त्यांना खायला काय केलं होतं?'

"हा सापळा आहे," मी म्हटलं. मला फार कौतुक वाटलं.

"आहेच. जमणारं लग्न राखायचं म्हणून 'आले होते, पोहे केले होते' असं लिहिलं, तर तो तसा माणूस. मग मी दादांपुढे उभी राहून नाही म्हणणार."

"आणि तसं नाही लिहिलं तर?"

"तर बघू," ताई म्हणाली.

पुढचे दिवस घरात लग्नाची तयारी जोरात चालली होती. हॉल ठरला, आचारी ठरला, दादांनी निमंत्रणाचा मजकूर चार वेळा लिहिला. ताई मुकाट्याने साड्यांना फॉल लावत बसायची आणि मी शाळेतून आले की खाली घड्याळाच्या दुकानात पोस्टमनची वाट बघत ठिय्या द्यायची. निमंत्रणपत्रिका छापायला टाकायच्या दोन दिवस आधी उत्तर आलं. गच्चीवर पतंगाचा मांजा सुकायला टाकला होता, त्याच्या आडोशाला बसून आम्ही ते वाचलं. त्या पत्राचा मजकूर मला अजून बहुतेक पाठ आहे.

'आपले काका माझ्याकडे आलेले नाहीत. ते एखाद्या रविवारी येतील असं वडिलांनी कळवलं होतं, म्हणून मी दोन रविवार विमानतळावर जाऊन थांबलो. दोन्ही रविवारी साबुदाण्याची खिचडी केली होती, ती मला एकट्याला संपवावी लागली. दुसऱ्या वेळी बरी झाली होती. आले असं त्यांनी कळवलं असेल, तर कृपा करून त्यांना खोटं पाडू नका. इकडच्या काही कारखान्यांत माणसांचे पासपोर्ट मालक आपल्या कपाटात ठेवतात आणि मुदत संपेपर्यंत आवाराबाहेरही सहजी सोडत नाहीत. लागोसहून इथे यायला एक तास लागतो. तेवढ्यासाठी कुणी आपल्या पुतणीचं काम टाळणार नाही. त्यांना येता आलं नसेल. माझं घर दोन खोल्यांचं आहे, त्यात मी एकटा राहतो. हे मीच सांगून काय उपयोग, पण सांगणारं दुसरं कुणी नाही.'

ताईने पत्र दोनदा वाचलं, घडी घातली आणि म्हणाली, "हा चालेल."

"आणि काका?" मी विचारलं. गाडी, बंगला, स्वयंपाकी, नारळाची झाडं सगळं माझ्या डोळ्यांपुढून गेलं. आवारातून दिसत असतील ती नारळाची झाडं. पण मी चौदा वर्षांची होते आणि माझ्या हातात पुरावा आला होता. "आता दादांना दाखवू या ना. एकच तास लागतो, यानेही लिहिलंय."

खाली काकू चेवड्याचा नवा डबा भरत होती. तिच्या गुणगुणण्याचा आवाज वरपर्यंत येत होता. ताई म्हणाली, "काका गेले होते. तीन तास लागले. कळलं?"

"सगळे मला आगाऊ म्हणतात."

"म्हणू देत. काकूला कळलं की ते तिथे कोंडलेले आहेत, तर ती जेवेल का?"

तेव्हा मी गप्प बसले, आणि गप्प बसणं हा माझा स्वभाव नाही, हे मला ओळखणाऱ्या कुणालाही विचारा. लग्न थाटात झालं. मुलगा फोटोपेक्षा काळा आणि फोटोपेक्षा बरा निघाला. मांडवात जो तो अप्पाकाकांच्या पारखी नजरेची तारीफ करत होता. एका भांड्यात माणूस ओळखला, आमच्या वडिलांवरच गेलाय, असं दादा स्वतः पाच जणांना सांगत होते. काका लग्नाला आले नाहीत. 'इथे माझ्यावाचून काम अडतं' असं त्यांचं पत्र आलं, तेही मोठ्याने वाचलं गेलं. काकू नव्या शालूत एकटीच उभी राहून सगळ्यांना ते सांगत होती, आणि मी पहिल्यांदा तिच्याकडे नीट बघू शकले नाही.

काका दोन वर्षांचे तीन करून परत आले. पुढची सगळी वर्षं कुणी अक्राचा विषय काढला की ते त्या विमानप्रवासाची हकिकत सांगत. नातवंडं झाल्यावर वाळवंटात दर वेळी एक उंट वाढत गेला. मी, भूगोलाची सेवानिवृत्त शिक्षिका, शेजारी बसून मान डोलवत असे. एकदा तर एका नातवाने फोनवर शोधून 'आजोबा, इथे तर एक तास दाखवतंय' म्हटलं, तेव्हा मीच त्याला म्हटलं, "तेव्हाची विमानं हळू जायची." शाळेत कुणी असं उत्तर लिहिलं असतं तर मी शून्य दिलं असतं.

कारण तोवर ताईचं एक पत्र माझ्याकडे होतं. लग्नानंतर चार महिन्यांनी, माझ्या एकटीच्या नावाने आलेलं. काकांना अक्राला येता येत नाही, तर तीच नवऱ्याला घेऊन विमानाने लागोसला गेली होती, बरोबर काकूचा चेवडा आणि गोडा मसाला. काका विमानतळावर आले होते. तिने लिहिलं होतं, 'फार वाळलेत गं. सदरा त्यांचाच का असं वाटावं इतके. बरोबर कंपनीचा एक माणूस होता, तो सारखा घड्याळ बघत होता. काकांनी थर्मासमधून दोघांना पाणी आणलं होतं. ते प्यायलो. जावयाशी ते जुन्या ओळखीसारखं बोलले आणि यानेही त्यांना दुसऱ्यांदा भेटल्यासारखा नमस्कार केला. मग काका माझ्याकडे न बघता म्हणाले, किती वेळ लागला गं विमानाला? मी म्हटलं, तीन तास, काका. बसून बसून कंटाळा आला. दोनदा जेवण दिलं, आम्ही घेतलं नाही. काकांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि तो तसाच ठेवून उभे राहिले.'

आणि पानाच्या कडेला, माझ्यासाठी, बारीक अक्षरात: 'चोपन्न मिनिटं. एक बिस्कीट. खाली समुद्र. तू बरोबर होतीस.'